आधी पट्टी, मग प्रिंट

जून लागला की नागोठण्याच्या एसटी स्थानकाच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी दाटते. वरवठण्याहून, ऐनघरहून, शिहूकडून माणसं आलेली असतात. कुणाला अकरावीचा अर्ज भरायचा असतो, कुणाला आयटीआयचा, तर कुणाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कागद जमवायचे असतात. एका हातात गळणारी छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. सगळी कामं उरकल्यावर प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पासपोर्टचे फोटो किती वेळात मिळतील?’

फोटो खरं तर त्यांच्या खिशातच असतो, मोबाईलमध्ये. अडतं ते तो हव्या त्या मापात, हव्या तितक्या प्रती करून एका कागदावर बसवण्यापाशी. हे काम अवघड नाही. ज्याच्या घरी, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा बचत गटाकडे एक कॉम्प्युटर आणि एक रंगीत प्रिंटर आहे, त्याला ते एका दुपारी शिकता येतं. फक्त शिकवणारे बहुतेक जण सॉफ्टवेअरच्या नावापासून सुरुवात करतात. मीही पूर्वी तसंच करत असे आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या प्रवेश अर्जासाठी मी स्वतः फोटोंचा कागद काढून दिला. पडद्यावर मांडणी नेटकी दिसत होती, रंग छान आले होते. पण छापताना ‘फिट टु पेज’ ही खूण तशीच राहिली होती. प्रिंटरने कडेच्या मार्जिनसाठी अख्खी मांडणी थोडी आत घेतली, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३३ बाय ४२ चा झाला. डोळ्याला तो फरक कळत नाही. अर्जावरच्या चौकटीत चिकटवल्यावर मात्र तिन्ही बाजूंनी फट राहिली आणि खिडकीवरून अर्ज परत आला. मुलीची रोह्याची एक फेरी वाया गेली, सोबत आलेल्या आईची दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हापासून माझ्या टेबलावर स्टीलची लांब पट्टी कायम असते. पहिली प्रिंट साध्या कागदावर काढायची, पट्टी लावून मोजायची, आणि माप जुळलं तरच फोटो पेपर घालायचा. पुढे जे काही सांगणार आहे ते या पट्टीच्या आधाराने सांगणार आहे.

तर सुरुवात मापांपासून. ‘पासपोर्ट साइज’ म्हणून आपल्याकडे जे चालतं ते ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. पॅन कार्डाच्या कागदी अर्जावरची चौकट २५ बाय ३५. स्टॅम्प साइज साधारण २० बाय २५. नात्यातलं कुणी अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करत असेल तर दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौरस. गंमत बघा, खुद्द पासपोर्टसाठी मोठ्या माणसाला फोटो न्यावाच लागत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात तो तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा मात्र ३५ बाय ४५ चा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यायचा असतो. तेव्हा ‘पासपोर्ट साइज’ या शब्दावर विसंबू नका. अर्जाच्या सूचनांत माप दिलेलं असतं, ते वाचा. दिलेलं नसेल तर अर्जावरच्या चौकटीला पट्टी लावा.

आता कागद. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. स्टुडिओत ज्याला ‘फोर बाय सिक्स’ म्हणतात तो १०२ बाय १५२. या दोन आकड्यांवर सगळं गणित उभं आहे, आणि ते कॉम्प्युटर सुरू करण्याआधी वहीच्या पाठीमागे करायचं.

फोर बाय सिक्स आडवा धरा. रुंदी १५२. त्यात ३५ चे चार फोटो म्हणजे १४०, मधल्या तीन फटी दोन-दोन मिलिमीटरच्या म्हणजे ६, एकूण १४६. दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर उरले. उंची १०२. त्यात ४५ चे दोन म्हणजे ९०, मधली फट २, एकूण ९२. वर-खाली पाच-पाच उरले. आठ फोटो चपखल बसले. म्हणूनच दुकानात बहुतेक ठिकाणी आठचा सेट मिळतो.

ए-फोरवर वाटतं की २१० भागिले ३५, बरोबर सहा. पण बहुतेक प्रिंटर काठापर्यंत छापत नाहीत, तीन ते पाच मिलिमीटरची कड सोडतात. शिवाय कापायला फट हवी. म्हणून पाचच उभ्या रांगा घ्या. पाच फोटो १७५, चार फटी तीन-तीनच्या १२, एकूण १८७. उंचीत सहा फोटो २७०, पाच फटी १५, एकूण २८५. तीस फोटो झाले. फोटो आडवे झोपवले तर चार गुणिले आठ, असे ३२ बसतात, पण त्यासाठी फट एकाच मिलिमीटरची ठेवावी लागते. दोन फोटो जास्त मिळवण्यासाठी कापताना हात थरथरावा, हे मला पटत नाही. मी तीसवरच थांबतो.

दुकानातल्या सेटचा आठ हा आकडा फार जुना आहे. पॅरिसमधल्या आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ साली एक युक्ती पेटंट केली. अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेवर अनेक छबी घ्यायच्या, त्यांची एकदाच छपाई करायची आणि मग कापून पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांवर चिकटवायच्या. पुढे या पद्धतीत एका काचेवर आठ छबी घेण्याचा प्रघात पडला. त्यामुळे फोटो इतका स्वस्त झाला की साध्या दुकानदारालाही आपला चेहरा नातेवाइकांना वाटता येऊ लागला. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसायच थाटला. एकदा छापायचं आणि अनेकांना पुरवायचं, हा जो फायदा तेव्हा दिसला तोच आजही आहे. फोटो पेपर आणि शाई दोन्ही महाग असतात. एका चेहऱ्यासाठी अख्खा कागद घालवणं गरीब घराला परवडत नाही.

गणित झालं, आता फोटो. उजेड समोरून हवा. पावसाळ्यात ओटीवर, दाराकडे तोंड करून उभं केलं की ढगाळ आकाशाचा मऊ प्रकाश चेहऱ्यावर येतो. ट्यूबलाइटपेक्षा तो किती तरी चांगला. मागे पांढरी चादर ताणून लावा, पण माणसाला तिच्यापासून दोन-तीन फूट पुढे उभं करा, म्हणजे सावली पडत नाही. मोबाईलमधलं ‘ब्यूटी’ बंद करा. गोरा केलेला, तीळ पुसलेला चेहरा ओळखपत्रावर त्या माणसाचा राहत नाही, आणि पडताळणीच्या टेबलावर त्याचा त्रास त्यालाच होतो. सेल्फीही नको. जवळून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. चार-पाच फुटांवरून दुसऱ्याने काढलेला फोटो घ्या.

तो फोटो कॉम्प्युटरवर आणताना व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवू नका. तिथे फोटो लहान होऊन येतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ जसाच्या तसा पोचतो, नाहीतर सरळ केबल जोडा.

मग कापणी, म्हणजे क्रॉप. कोणत्याही फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉपचं प्रमाण ठरवता येतं. ते ३५ ला ४५, म्हणजेच ७ ला ९ ठेवा. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ७० ते ८० टक्के असावा, असा पासपोर्ट छायाचित्रांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ४५ मिलिमीटरच्या फोटोत हे ३२ ते ३६ मिलिमीटर होतात. इथेही पट्टी लावून बघता येतं. फोटोत पुरेसे पिक्सेल आहेत की नाहीत हे पाहायला सोपा हिशेब सांगतो. मिलिमीटरला बाराने गुणा. ३५ चे ४२०, ४५ चे ५४०. नेमका आकडा इंचाला ३०० ठिपके धरून ४१३ आणि ५३१ येतो, पण बाराचा पाढा तोंडपाठ असतो. कापल्यानंतर फोटो निदान ४२० बाय ५४० पिक्सेलचा उरला तर छपाई स्वच्छ येईल. त्याहून कमी उरला तर तो ताणून मोठा करण्यात अर्थ नाही, फोटो पुन्हा काढा.

पांढऱ्या पार्श्वभूमीच्या फोटोबाबत एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. पांढरा फोटो पांढऱ्या कागदावर छापला की त्याची कड दिसतच नाही, मग कापायचं कुठे? म्हणून प्रत्येक फोटोला अगदी बारीक, फिकट राखाडी रेघ द्या. काळी नको. कापल्यावर एखाद्या बाजूला काळी रेघ राहिली की फोटो घाणेरडा दिसतो. राखाडी डोळ्यात भरत नाही.

आता सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये फोटो छापण्याची सोय आधीपासून आहे. फोटो निवडा, माउसचं उजवं बटण दाबा, ‘प्रिंट’ म्हणा. विंडोज ११ मध्ये ते ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेलं आहे. उजवीकडे मांडण्यांची यादी येते, त्यात पूर्ण पान, पोस्टकार्डाएवढे दोन, वॉलेट मापाचे नऊ वगैरे पर्याय असतात. खाली प्रती किती हा आकडा असतो. घरच्या आठवणींचे फोटो काढायला हे पुरेसं आहे. पण त्यात ३५ बाय ४५ हे माप नाही, आणि ‘फिट पिक्चर टु फ्रेम’ ही खूण लागलेली असेल तर ते चौकट भरण्यासाठी फोटोच्या कडा छाटतं. एखाद्याचे कान, एखादीच्या डोक्यावरचा पदर त्यात जातो. ओळखपत्राच्या फोटोंसाठी हा रस्ता थेट वापरू नका.

बहुतेकांकडे वर्ड असतो. त्यात तक्ता करून काम होतं. पानाच्या चारही मार्जिन अर्ध्या सेंटिमीटरवर आणा. पाच स्तंभांचा तक्ता घाला. स्तंभाची रुंदी ३.८ सेंटिमीटर, ओळीची उंची ४.८ सेंटिमीटर, आणि उंचीच्या शेजारी ‘अॅट लीस्ट’ असतं ते बदलून ‘एग्झॅक्टली’ करा. तक्त्याच्या गुणधर्मात ‘ऑटोमॅटिकली रिसाइज टु फिट कंटेंट्स’ची खूण काढा, नाहीतर फोटो घातला की चौकटी आपोआप हलतात. आतली मार्जिन शून्य करा, अक्षरांचा आकार एक पॉइंट ठेवा. पहिल्या चौकटीत फोटो घालून त्याचं माप हाताने ३.५ आणि ४.५ सेंटिमीटर भरा, चौकटीच्या मधोमध ठेवा. मग तो फोटो कॉपी करून बाकीच्या चौकटींत चिकटवत जा. सहा ओळी मिळून पानावर उरलेल्या उंचीपेक्षा एक मिलिमीटर जास्त होतात, त्यामुळे सहावी ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते. म्हणून पाच ओळींवर समाधान माना. पंचवीस फोटो मिळतील.

याहून मला आवडतो तो मार्ग लिबरऑफिसचा. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यामुळे शाळेने किंवा ग्रामपंचायतीने ते निःसंकोच घ्यावं. त्यात पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी एक सोय आहे, आणि फोटो म्हणजे अखेर एका मापाच्या चिठ्ठ्याच. ‘फाइल’, मग ‘न्यू’, मग ‘लेबल्स’ उघडा. ‘फॉरमॅट’ या पानावर आपलं वहीतलं गणित जसंच्या तसं भरायचं असतं. एका चिठ्ठीच्या डाव्या कडेपासून पुढच्या चिठ्ठीच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर, ज्याला तिथे ‘हॉरिझाँटल पिच’ म्हटलंय, ते ३८ मिलिमीटर. तसंच वरून खालचं, ‘व्हर्टिकल पिच’, ४८ मिलिमीटर. रुंदी ३६, उंची ४७. डावीकडची मार्जिन ११, वरची ५. स्तंभ ५, ओळी ६. पान ए-फोर.

रुंदी ३५ ऐवजी ३६ आणि उंची ४५ ऐवजी ४७ का, असा प्रश्न पडेल. फोटो ओळीतल्या अक्षरासारखा बसतो, आणि अक्षराच्या खाली थोडी जागा राखलेली असते. चौकट नेमकी ४५ ची केली तर फोटोचा खालचा भाग कापला जाऊ शकतो. दोन मिलिमीटर जास्त दिले की तो निवांत बसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्धवट छापलेल्या हनुवट्या बघून शिकलो, तुम्हाला तो कागद वाया घालवायची गरज नाही.

त्यानंतर ‘ऑप्शन्स’ या पानावर ‘एन्टायर पेज’ आणि ‘सिंक्रोनाइझ कंटेंट्स’ या दोन खुणा करा. नवीन पान उघडलं की तीस चौकटी दिसतील. पहिल्या चौकटीत अक्षराचा आकार दोन पॉइंट करून फोटो घाला, तो ‘अॅज कॅरेक्टर’ पद्धतीने अडकवा, माप ३५ आणि ४५ मिलिमीटर भरा, आणि पडद्यावरचं ‘सिंक्रोनाइझ लेबल्स’ हे बटण दाबा. एकाच दाबात तीसही चौकटी भरतात. फाइल ‘फोटो तीस’ अशा नावाने जपून ठेवा. पुढच्या माणसासाठी पहिल्या चौकटीतला फोटो बदलायचा आणि तेच बटण पुन्हा दाबायचं. काम दोन मिनिटांचं होतं.

एका कागदावर वेगवेगळी माणसं हवी असतील तर ही सोय बंद ठेवा आणि चौकटी हाताने भरा. समजा, बचत गटातल्या दहा जणींचे फोटो बँकेत द्यायचे आहेत. तीस चौकटी, दहा जणी, प्रत्येकीचे तीन फोटो. अशा वेळी एकीचे तिन्ही फोटो एकाखाली एक ठेवा. वरच्या तीन ओळींत पाच जणी, खालच्या तीन ओळींत उरलेल्या पाच. कापताना आधी कागद मधून आडवा कापला, मग उभ्या पट्ट्या केल्या की प्रत्येक पट्टी एकेकीच्या हातात देता येते, फोटोंची सरमिसळ होत नाही. आणखी एक काळजी घ्या. दहा जणींचे फोटो वेगवेगळ्या मोबाईलवर, वेगवेगळ्या उजेडात काढलेले असतात. एकत्र छापल्यावर एकीचा चेहरा निळसर, दुसरीचा पिवळट दिसतो. शक्य असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच भिंतीसमोर, एकाच मोबाईलने टिपा. मांडणीत कितीही कसब दाखवलं तरी तो एकसारखेपणा मागाहून आणता येत नाही.

स्टुडिओवाले फोटोशॉपमध्ये हेच काम वेगळ्या रीतीने करतात. कापलेल्या फोटोभोवती पांढरी कड वाढवायची, ‘डिफाइन पॅटर्न’ने त्याचा नमुना करायचा आणि सहा बाय चार इंचाच्या कोऱ्या पानावर तो नमुना ओतायचा. ज्याच्याकडे फोटोशॉप आहे त्याने ही क्रिया ‘अॅक्शन’ म्हणून नोंदवून ठेवली की पुढच्या वेळी एकाच कळीवर काम होतं. ज्याच्याकडे नाही त्याने केवळ एवढ्यासाठी ते विकत घ्यायची गरज नाही. इंटरनेटवर फोटो चढवला की आठचा कागद तयार करून देणारी संकेतस्थळंही खूप आहेत. ती मी वापरत नाही, आणि इतरांनीही वापरू नयेत असं मनापासून वाटतं. ओळखपत्राचा फोटो, त्यातही लेकीबाळींचा, अनोळखी ठिकाणी कायमचा ठेवून येण्याचं काही कारण नाही.

घरी प्रिंटर नसेल तरी मांडणी घरी करा. सहा बाय चार इंचाचा कागद १८०० बाय १२०० पिक्सेलच्या एका चित्रात तयार करा, ते पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅबमध्ये साध्या फोर बाय सिक्स प्रिंटच्या दराने छापून घ्या. फक्त लॅबचं यंत्र काठाला किंचित छाटतं, म्हणून चारही कडांना निदान तीन मिलिमीटर रिकामे राहू द्या, आणि ‘माप बदलू नका’ असं सांगायला विसरू नका.

छपाईच्या वेळी लक्ष द्यायच्या जागा थोड्याच आहेत, पण सगळं बिघडतं ते तिथेच. मांडणी आधी पीडीएफ करून घ्या. पीडीएफ छापताना ‘अॅक्च्युअल साइज’ निवडा. ‘फिट’ आणि ‘श्रिंक’ या दोन्ही खुणा टाळा. ‘बॉर्डरलेस’ छपाईचा मोह होतो, कारण कड राहत नाही. पण काठ पांढरा राहू नये म्हणून त्या पद्धतीत प्रिंटर सगळं चित्र मुद्दाम थोडं फुगवतो, आणि ३५ चे ३६ होतात. मापाच्या फोटोंना ती पद्धत बंद. कागदाचा प्रकार म्हणून ‘प्लेन पेपर’ तसाच ठेवून ग्लॉसी कागद घातला तर रंग मळकट येतात आणि शाई पसरते, तेव्हा तिथे फोटो पेपरचा योग्य प्रकार निवडा. ग्लॉसी कागदाला एकच चकचकीत बाजू असते. मागून कागद घ्यायच्या प्रिंटरमध्ये ती बाजू वर, खालच्या ट्रेमधून घेणाऱ्यात ती खाली. पहिली प्रिंट साध्या कागदावर काढा आणि पट्टी लावा. एक फोटो मोजू नका, एका रांगेतले पाचही मोजा. पहिल्या फोटोच्या डाव्या कडेपासून पाचव्याच्या उजव्या कडेपर्यंत १८७ मिलिमीटर यायला हवेत. एका फोटोतला अर्ध्या मिलिमीटरचा दोष नजरेला सापडत नाही, पाचांत तो अडीच मिलिमीटर होऊन समोर येतो.

कोकणातला पावसाळा फोटो पेपरचा वैरी आहे. उघडं राहिलेलं पाकीट दोन दिवसांत दमट होतं, कागद वळतो, प्रिंटरमध्ये अडकतो, आणि शाई वाळता वाळत नाही. पाकीट उघडल्यावर उरलेले कागद झिपच्या पिशवीत घाला. औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्या इथे उपयोगी पडतात. छापलेला कागद निदान पंधरा मिनिटं सपाट पसरून ठेवा, घाईने एकावर एक रचू नका. कापताना कात्री वापरू नका. स्टीलची पट्टी, कटरचं नवं पातं आणि खाली जाड पुठ्ठा घ्या. एकाच माणसाचे फोटो असतील तर लांब उभ्या रेषा आधी, आडव्या नंतर. पात्यावर एकाच वेळी जोर देण्यापेक्षा हलके दोन हात फिरवा.

ही मांडणी फक्त चेहऱ्यांपुरती नाही. नागोठण्यात अंबा नदी दर पावसाळ्यात एसटी स्थानक आणि कोळीवाड्याच्या बाजूला पाणी आणते. जुलै १९८९ मध्ये याच अंबेच्या पुराने वरच्या अंगाचं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, ते या भागातले लोक विसरलेले नाहीत. पूर ओसरला की पंचनाम्यासाठी घराचे, दुकानाचे, भाताच्या खाचराचे फोटो लागतात. माणसं मोबाईल पुढे करतात, फोटो शंभर असतात, आणि कोणता कशाचा हे सांगताना गोंधळ उडतो. त्यापेक्षा ए-फोरवर दोन स्तंभ आणि तीन ओळी करा. मोबाईलचे आडवे फोटो चारास तीन या प्रमाणात असतात, म्हणून प्रत्येक चौकट ९० बाय ६७.५ मिलिमीटरची. खाली बारा मिलिमीटरची जागा मजकुरासाठी. सहा फोटो आणि त्यांच्या ओळी मिळून उंची २४० च्या आत बसते, वर नाव, गाव आणि घर क्रमांक किंवा गट क्रमांक लिहायला जागा उरते. पहिला फोटो लांबून घेतलेला, घर ओळखू येईल असा. दुसरा भिंतीवरची पाण्याची खूण, शेजारी उभा धरलेला टेप किंवा माणूस, म्हणजे पाणी किती चढलं ते दिसेल. मग एकेक नुकसान. प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि एक साधी ओळ, ‘धान्याची कोठी, तांदूळ भिजला’. जीपीएस कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवर खाली जागेचा ठसा असतो, तो क्रॉप करताना कापला जाणार नाही हे बघा. इथे फोटो पेपरची गरज नाही, साधा कागद पुरतो. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या.

ग्रामपंचायतीच्या कामांनाही हेच लागतं. रोजगार हमीच्या कामांचे फोटो नोव्हेंबर २०१७ पासून तीन टप्प्यांत घेतले जातात. कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर. हे तीन फोटो एका ओळीत, एकाच जागेवरून घेतलेले ठेवले तर पाणंद किंवा बंधारा झाला की नाही हे ग्रामसभेत कुणालाही कळतं. दरवेळी कोणत्या दगडापाशी उभं राहून फोटो घेतला ते वहीत लिहून ठेवा.

तिसरा उपयोग पेणच्या बाजूचा. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या गणपतीच्या कारखान्यांत शेकडो मूर्तींचे नमुने असतात, आणि मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याला ते फोटोंवरून दाखवावे लागतात. ए-फोरवर तीन बाय तीन, प्रत्येक फोटो ६० बाय ८० मिलिमीटरचा, खाली दहा मिलिमीटर मजकुराला. नऊ मूर्ती एका पानावर सुबक दिसतात. फिल्मच्या काळात ३५ मिलिमीटरच्या रोलच्या सहा-सहा चौकटींच्या सहा पट्ट्या कागदावर दाबून सगळे ३६ फोटो एकदम बघत, त्याला ‘कॉन्टॅक्ट शीट’ म्हणत. तोच शब्द आज इरफानव्ह्यूसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. तिथे फोटो निवडून ‘कॉन्टॅक्ट शीट’ म्हटलं, ओळी आणि स्तंभ भरले की पान तयार होतं, आणि फाइलचं नाव फोटोखाली आपोआप छापता येतं. म्हणून फाइलचं नावच मूर्तीचा क्रमांक ठेवा. इरफानव्ह्यू घरगुती वापराला मोफत आहे, धंद्यासाठी त्याचा परवाना घ्यावा लागतो, हे कारखानदारांनी लक्षात घ्यावं.

अशा पानाचा एक मोठा धोका आहे. सगळ्या चौकटी सारख्या, त्यामुळे नऊ इंचाची मूर्ती आणि तीन फुटांची मूर्ती सारखीच दिसते. व्यापारी एक समजून दुसरी मागवतो, आणि ऐन श्रावणात भांडण होतं. प्रत्येक फोटोखाली क्रमांकाइतक्याच ठळक अक्षरात उंची लिहा, शाडूची की प्लास्टरची तेही लिहा. फोटो काढताना मागे एकाच रंगाचा पडदा ठेवा, आणि प्रत्येक मूर्तीच्या पायाशी तीच ती लाकडी पट्टी उभी करा.

कापलेले चेहऱ्यांचे फोटो मी छोट्या पारदर्शक पाकिटात घालून देतो आणि पाकिटावर तारीख लिहितो, कारण बऱ्याच अर्जांना तीन किंवा सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. साध्या इंक टँकची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. नदीकाठच्या घरांत पाकीट फळीवर, उंच ठेवायला सांगतो. मांडणीची फाइल पेनड्राइव्हवर घालून देतो आणि घरातल्या कुणाच्या तरी ईमेलवरही पाठवतो, म्हणजे पाकीट भिजलं तरी पुढच्या अर्जाच्या वेळी फोटो नव्याने काढावा लागत नाही, फक्त छापावा लागतो.